नुसत्या नंबराच्या कबरी

प्रश्न: अमेरिकेतल्या यादवी युद्धावरच्या लेखात गेटिसबर्गच्या सैनिकी कबरस्तानाचा फोटो बघितला. काही दगडांवर ना नाव ना गाव, फक्त नंबर! जिंकलेल्या सैन्याला आपलीच माणसं ओळखता आली नाहीत का?

उत्तर: नाही आली हो. सैनिकाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला घालण्याचा हुकूम अमेरिकन सैन्यात आला तो १९०६ साली, आणि ही लढाई १८६३ची, १ ते ३ जुलै. ऐन उन्हाळा, गावात माणसं जेमतेम अडीच हजार आणि शेतात हजारो प्रेतं, त्यात दोन्ही सैन्यं लगेच पुढे निघून गेली, मग जो जिथे पडला तिथेच घाईघाईत खड्डा करून पुरला. सोबत्यांनी एखाद्या फळीवर पेन्सिलीने नाव लिहिलं तर लिहिलं, आणि तेही पावसात किती टिकणार.

शरद ऋतूत जिंकलेल्या उत्तरेच्या सैनिकांची प्रेतं उकरून नव्या कबरस्तानात नेण्याचं काम सुरू झालं, ते मार्च १८६४ पर्यंत चाललं. प्रत्यक्ष उकरायचं काम बेसिल बिग्ज या कृष्णवर्णीय शेतकऱ्याने आणि त्याच्या माणसांनी केलं, आणि सॅम्युएल वीव्हर नावाचा देखरेख करणारा माणूस प्रत्येक प्रेताचे खिसे लोखंडी आकडीने तपासायचा, पत्र, डायरी, बायबल, काहीही, ज्यावर नाव असेल. म्हणजे नाव मिळणं न मिळणं खिशात काय राहिलं यावर होतं, मला तर हे वाचताना फार तुटतं. साडेतीन हजारांवर सैनिक तिथे आहेत, त्यातल्या ९७९ जणांच्या वाट्याला नुसता नंबर आला.

एकाचं नाव मात्र केवळ एका फोटोमुळे मिळालं. न्यूयॉर्कच्या १५४व्या रेजिमेंटचा सार्जंट एमॉस ह्युमिस्टन पहिल्याच दिवशी पडला, त्याच्याजवळ ना पत्र ना काही, फक्त काचेवरचा एक फोटो, तीन लहान मुलांचा. तो फोटो बॉर्न्स नावाच्या फिलाडेल्फियातल्या डॉक्टरकडे पोचला आणि ऑक्टोबरमध्ये ‘हा कुणाचा बाप?’ अशी बातमी पेपरात आली, पण तेव्हा पेपरात फोटो छापताच येत नसे, म्हणून मुलांचं वर्णन शब्दांत दिलं, कोण कुठे बसलंय, कपडे कसे आहेत. ती बातमी एका धार्मिक साप्ताहिकात फिलिंडा ह्युमिस्टनच्या वाचनात आली, पोर्टव्हिल गावात. तिनेच नवऱ्याला तो फोटो पाठवलेला होता, लढाईनंतर त्याचं पत्र आलं नव्हतं. पुढे फोटोची प्रत आली तेव्हा खात्री झाली. फ्रँक, अॅलिस आणि फ्रेड, ही तीन मुलं. आज कबरस्तानात न्यूयॉर्कच्या सैनिकांच्या विभागात त्याच्या दगडावर नाव आहे.

आणि समोरच्या बाजूचे, दक्षिणेचे सैनिक? त्यांना या कबरस्तानात जागाच नव्हती, ते शेतातच राहिले. १८७१ ते १८७३ मध्ये वीव्हरच्या मुलाने, रूफसने, तीन हजारांवर प्रेतं काढून दक्षिणेत पाठवली, त्यातली बरीचशी रिचमंड शहरातल्या हॉलिवूड नावाच्या कबरस्तानात. सॅम्युएल वीव्हरने इतकं बघून बघून निवडूनही दक्षिणेचे काही जण चुकून उत्तरेच्या सैनिकांतच पुरले गेले, आणि ते अजून तिथेच आहेत.