'निर्जंतुक पूयमेह' चालेल का?

मूत्रमार्गाच्या क्षयरोगावरचा लेख मराठीत आणताना 'स्टराइल पाययूरिया'ला (लघवीत पू असतो, पण नेहमीच्या तपासणीत जंतू उगवत नाहीत, त्या स्थितीला) 'निर्जंतुक पूयमेह' म्हणावं का, असा प्रश्न आहे.

नको. पूयमेह हे नाव आधीच गनोरियाला, म्हणजे परम्याला, देऊन झालं आहे. रुग्णाच्या घरात उगीच संशय शिरायचा.

'निर्जंतुक' त्याहून फसवा. मराठीत तो स्वच्छतेचा शब्द आहे. निर्जंतुक सुई म्हणजे जिच्यावरचे जंतू मारलेत ती. इथे जंतू जिवंत असू शकतात! सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत पूपेशी दिसतात आणि नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे बशीत जंतू वाढवून पाहायच्या चाचणीत, काहीच उगवत नाही, एवढंच 'स्टराइल' सांगतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वांझ, नापीक. तो इथे चपखल बसतो. नापीक ठरते ती कल्चरची बशी, कारण पेरलेल्या बियाला ती मानवत नाही. साधे जंतू एक-दोन दिवसांत उगवतात. क्षयाच्या जंतूला एकाचे दोन व्हायलाच १५ ते २० तास लागतात. अंडी घालून केलेल्या लोवेनस्टाइन-येन्सन माध्यमावर त्याची ६ ते ८ आठवडे वाट पाहतात. शिवाय तो लघवीतून रोज उतरेलच असं नाही, म्हणून सलग ३ ते ५ दिवस सकाळची पहिली लघवी मागतात. जनुकीय चाचणी काही तासांत सांगते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाहीच असं ठरत नाही.

मी सरळ 'लघवीत पू, कल्चर कोरं' लिहीन. संज्ञाच हवी तर 'पूयमूत्रता' घ्या आणि पुढे 'नेहमीच्या कल्चरमध्ये वाढ नाही' असं जोडा. 'क्षयजन्य' मात्र चिकटवू नका. अर्धवट घेतलेली अँटिबायोटिक्स, मुतखडा, क्लॅमिडिया हा लैंगिक संसर्ग यांतही असाच रिपोर्ट येतो.

उपचारांच्या भागातही जपा. रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाने लघवी नारिंगी-तांबडी होते, तिला 'रक्ताळलेली' म्हणू नका. लघवीत रक्त हे या आजाराचं वेगळं लक्षण आहे.

पुढे 'स्टरिलिटी'ही भेटेल, कारण जननमार्गातला क्षय गर्भनलिका आणि शुक्रवाहिन्या बंद करू शकतो. तिथे वंध्यत्वच. कॉम्प्युटरवर सरसकट शब्द बदललात, तर 'क्षयामुळे स्त्रिया निर्जंतुक होतात' असं छापून येईल.