वाचकांचे प्रश्न : नाण्यांवरचा चिकट थर आणि शेंदराचे पूट

प्रश्न : आजोबांनी जमवलेले राणीछाप व राजाछाप रुपये आणि तांब्याचे पैसे आम्ही काही वर्षे प्लॅस्टिकच्या कप्प्यांच्या अल्बममध्ये ठेवले होते. आता त्यांवर हिरवट, चिकट थर आला आहे. लक्ष्मीपूजनात मांडल्या जाणाऱ्या रुपयांवर हळद-कुंकू आणि तेल-शेंदराचे पूट बसले आहे. घरची मंडळी चिंच लावून घासायला सांगतात. तालुक्याच्या गावचे सराफ तेजाबात बुडवून चकचकीत करून देतो म्हणतात. नाण्यांची किंमत न घालवता हे कसे काढावे?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : चिंच आणि तेजाब हे दोन्ही उपाय आपण कृपया करू नयेत. नाण्यावर बाहेरून येऊन बसलेले काय आणि धातूने स्वतः धारण केलेला रंग कोणता, हे आधी ओळखावे लागते. गम, तेल, हळद, शेंदूर आणि अल्बममधून उतरलेला चिकटा बाहेरचे आहेत. ते काढता येतात आणि काढावेतच. तांब्याच्या पैशाचा गडद तपकिरी रंग किंवा चांदीच्या रुपयाचा करडा-काळपट रंग मात्र त्या धातूच्या पृष्ठभागाचाच झालेला असतो. चिंचेतील आम्ल तांब्यावरचा हा थर विरघळवते आणि खालचे गुलाबी, कच्चे तांबे उघडे पाडते. पुढे ते पुन्हा काळवंडते, पण पहिला पृष्ठभाग परत येत नाही आणि जाणकार संग्राहक ते एका नजरेत ओळखतो. राख, रांगोळी किंवा दंतमंजन यांनी घासल्यास बारीक ओरखडे उठतात व राणीच्या केसांची, मुकुटाची नाजूक रेघ झिजते.

आता हिरव्या चिकट थराविषयी. स्वस्त अल्बमचे मऊ कप्पे बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असतात. ते लवचीक राहावे म्हणून त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळतात आणि ती कालांतराने बाहेर झिरपतात. प्लॅस्टिक विघटित होऊ लागले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लही सुटते, ते तांब्यावर काम करते आणि हिरवे क्षार तयार होतात. आपले रुपये चांदीचे असूनही हिरवे का पडले, याचे उत्तर त्यांच्या मिश्रधातूत आहे. 1862 च्या राणीछाप रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम असून त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी आणि उरलेले तांबे आहे. 1940 पासूनच्या राजाछाप रुपयांत तर चांदी 50 टक्क्यांवर आली. त्यामुळे हा त्रास त्यांना अधिक होतो. तांब्याच्या पैशांना आणि 1943 पासूनच्या भोकाच्या पैशांना तो सर्वांत जास्त होतो, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी.

हा थर शुद्ध ॲसिटोनमध्ये विरघळतो आणि ॲसिटोन चांदीला किंवा तांब्याला धक्का लावत नाही. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या दुकानांत तो मिळतो. नेलपॉलिश काढण्याचे द्रव चालणार नाही, कारण त्यात रंग, सुवास आणि तेल मिसळलेले असते व तेच पुन्हा नाण्यावर बसते. काचेच्या वाटीत नाणे बुडेल इतके ॲसिटोन घ्यावे, वर काच किंवा बशी झाकावी आणि काही तास राहू द्यावे. प्लॅस्टिकची वाटी घेऊ नये, कारण ॲसिटोन कित्येक प्लॅस्टिकना विरघळवतो. मग नाणे कडेने धरून दुसऱ्या वाटीतील ताज्या ॲसिटोनमध्ये हलवावे, कारण पहिल्या वाटीतील मळ नाण्याबरोबरच वर येतो. अडकलेला भाग कापसाच्या बोळ्याने, न दाबता, फिरवत टिपावा. ॲसिटोन हवेत आपोआप उडून जातो, पुसण्याची गरज नाही. तो अतिशय ज्वालाग्राही आहे. त्यामुळे चूल, शेगडी, देवघरातील समई किंवा बिडी यांच्या आसपास हे काम कदापि करू नये. दार-खिडक्या उघड्या ठेवून किंवा ओसरीवर करावे आणि मुलांना दूर ठेवावे. थर गेल्यावर खाली बारीक खड्डे दिसले तर ते आम्लाने खाल्लेले आहेत. त्यांवर कोणताही इलाज नाही.

हळदीचा रंग ॲसिटोनमध्ये बराचसा उतरतो. तेल-शेंदराचे पूट कठीण असते. परंपरेने शेंदूर म्हणून शिशाचा लाल ऑक्साइड वापरला जातो आणि तो तेल लवकर घट्ट करतो. जवसासारखे सुकणारे तेल असेल तर वर्षानुवर्षांचा थर वार्निशासारखा कडक होतो. शिसे विषारी आहे, म्हणून हे पूट कोरडे खरवडू नये, हातमोजे घालावेत आणि वापरलेला कापूस चुलीत न जाळता बंद पिशवीत टाकावा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या द्रव पॅराफिनमध्ये नाणे दोन-तीन दिवस भिजवून पूट नरम होऊ द्यावे, टोकदार काडीने (लोखंडाच्या नव्हे, बांबूच्या) हलकेच उचलावे आणि मग ॲसिटोनने शेवटचे तेल काढावे. अक्षरांच्या खोबणीत थोडा लाल रंग राहिलाच, तर त्यापायी नाणे घासण्यापेक्षा तो राहू देणे मला योग्य वाटते.

नाणी पाण्याने धुवायची झाल्यास त्या पाण्याकडे विदर्भात विशेष लक्ष द्यावे लागते. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे, आणि इतरत्रही बोअरच्या पाण्यात क्षार असतात. त्यातील क्लोराइडे तांब्याच्या छिद्रांत राहिली तर पुढे फिकट हिरवी भुकटी उगवते, पुसली तरी ती पुन्हा येते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणीच (डिस्टिल्ड वॉटर) वापरावे. बॅटरीत टाकण्यासाठी मिळते तेही चालेल, मात्र ते आम्ल नसून निव्वळ पाणी असल्याची खात्री दुकानदाराकडून करून घ्यावी. धुतलेली नाणी पूर्ण सुकली की पीव्हीसी नसलेल्या कडक पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवावीत. रबरबँडमध्ये गंधक असल्याने तो चांदीला काळा पाडतो, तेव्हा तो जवळ आणू नये. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी अवश्य असावी.

प्रश्न : शेतात नांगरताना मातीने माखलेली काही जुनी नाणी मिळाली. ती धुवून बघावीत का?
— एक शेतकरी वाचक, मंगरूळपीर तालुका, जि. वाशीम

उत्तर : धुवू नयेत. आपल्याच भागातील तऱ्हाळा येथे 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. ती नाणी पोटीन, म्हणजे तांबे, शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाची होती, आणि त्यांवरील ब्राह्मी अक्षरांतून अभ्यासकांना राजांची नावे वाचता आली. अशा नाण्यावरील अक्षरे फार उथळ असतात आणि घट्ट बसलेल्या मातीबरोबर ती सहज निघून येतात. शिवाय 1878 च्या भूमिगत निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे आणि ती दडवणे हा गुन्हा आहे. नाणी मातीसकट कोरड्या कागदात गुंडाळावीत, ज्या वावरात आणि ज्या खोलीवर मिळाली ते लिहून ठेवावे, आणि बरोबर मडक्याचे तुकडे निघाले असतील तर तेही टाकून न देता वेगळे बांधून ठेवावेत.