कान तुटलेला कप आणि जंगलातलं अस्वल

प्रश्न : आमच्या भिशीत दर महिन्याला काहीतरी खेळ असतो. या वेळी माझ्या नणंदेने सगळ्यांना डोळे मिटायला लावले. तुम्ही जंगलातून चालला आहात. वाट कशी आहे? किल्ली सापडली, काय केलंत? कप दिसला, कसा आहे? पुढे अस्वल, मग पाणी, शेवटी भिंत. ज्याने त्याने मोठ्याने सांगायचं. मला दिसला तो कप पांढरा, निळ्या काठाचा, कान तुटलेला. मी तो उचलून घेतला. पाणी दिसलं ते विहिरीच्या तळाशी, पायऱ्या उतरून जावं लागेल असं. (माझं माहेर आटपाडीचं.) नंतर तिने मोबाईलवरचे अर्थ वाचले. वाट म्हणजे आयुष्य, किल्ली म्हणजे ज्ञान, कप म्हणजे प्रेम, अस्वल म्हणजे संकट, पाणी म्हणजे शरीरसुख, भिंत म्हणजे मृत्यू. “वहिनीचं प्रेम तुटकं आणि पाणी तळाला गेलेलं,” असं म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्या रात्री डोळा लागला नाही. मुलांची लग्नं झालेल्या वयात हे काय डोक्यात घेऊन बसले, असंही वाटतं. यात काही तथ्य असतं का?
– एक वाचक, विटा

उत्तर : आधी कपाचं बघू. आमच्याकडे कान तुटलेला कप तांदळाच्या डब्यात आहे, माप म्हणून. कान गेला तशी ट्रेमधून त्याची सुट्टी झाली, पण घरात रोज हातात येणारा कप तोच. त्याचे धडधाकट भाऊबंद काचेच्या कपाटात पाहुण्यांची वाट बघत बसलेत. ‘कान तुटला म्हणजे प्रेम तुटलं’ हे गणित ज्याने मांडलं, त्याच्या घरी असे कप थेट केरात जात असावेत. शिवाय तुम्ही तो उचलून घेतलात. नणंदबाईंनी तुटका कान तेवढा धरला आणि उचलणं सोडून दिलं. अशा खेळात हे नेहमी होतं. वस्तूचा अर्थ यादीत असतो, म्हणून तो वाचला जातो. माणसाने त्या वस्तूचं काय केलं, हे यादीत नसतं.

पाण्याचं तर विचारायलाच नको. आटपाडीसारख्या दुष्काळी भागात वाढलेल्या बाईला पाणी म्हटल्यावर विहिरीचा तळ दिसणार नाही, तर काय कमळांचं तळं दिसेल? तुमच्या माहेरच्या दहा जणींना विचारा. निम्म्याजणी त्याच पायऱ्या उतरतील.

मग ते मनाला एवढं का लागलं? त्याचं उत्तर बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या वर्गात दाखवलं. त्याने ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात त्याचं ‘खास’ वर्णन ठेवलं. हे किती जुळतं, शून्य ते पाचमध्ये गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातली वाक्यं बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. आपण लोकांना आवडावं, त्यांनी आपलं कौतुक करावं असं तुम्हाला वाटतं, वरून शिस्तशीर दिसता पण आतून धास्तावलेले असता, असली वाक्यं. कोणाला लागू पडणार नाहीत?

तुमच्या बाबतीत भर अशी की अर्थ सांगणारी नणंद होती. तिला तुमच्या घरातलं सगळं ठाऊक. कुठे बोट ठेवलं की दुखेल हे सांगायला तिला अस्वल कशाला लागतं?

पुढच्या भिशीत एक गंमत करून बघा. दुसऱ्या मैत्रिणीला हाच खेळ घ्यायला लावा, पण अर्थांची अदलाबदल करून. कप म्हणजे पैसा, किल्ली म्हणजे सासू, पाणी म्हणजे तब्येत. बायका तितक्याच “अगं बाई, अगदी खरं!” म्हणतील. किल्ली उचलून कमरेला खोचणारीचं तर विचारूच नका.

म्हणजे हे सगळं थोतांड का? नाही, आणि म्हणूनच मला या याद्यांचा राग येतो. कल्पनेतल्या प्रवासाचा मानसोपचारात गंभीर वापर झालेला आहे. जर्मनीत हान्सकार्ल लॉयनर यांनी १९५० च्या दशकात त्याची पद्धत बसवली. कुरण, ओढा, डोंगर, घर आणि जंगलाची कड, ही त्यातली सुरुवातीची दृश्यं. माणूस डोळे मिटून, अंग सैल सोडून बसतो, दिसेल ते दिसेल तसं सांगतो आणि उपचारक मधूनमधून विचारत राहतो. ओढा कुठून येतो? पाण्यात पाय घालावासा वाटतो का? घराचं दार उघडं आहे की बंद? तीच दृश्यं पुढच्या बैठकांत पुन्हा येतात, बदलतात, त्यावर बोलणं होतं. एका दुपारच्या एका कपावरून निकाल कोणी देत नाही. (मीही हे कधी कधी वापरते. ‘कुरण’ म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना कॅलेंडरवरचं स्वित्झर्लंड दिसतं, म्हणून मी ‘माळ’ सांगते. मग लगेच बाभूळ येते, शेळ्या येतात, कोणाची तरी हाक येते.)

आता तुमच्या झोपेबद्दल. ती कपाने गेली, की चारचौघींत तुमच्या खोलीतली गोष्ट निघाली म्हणून गेली? मला दुसरं कारण खरं वाटतं. तसं असेल तर नणंदेला एकटीला गाठून स्पष्ट सांगा, “हे मला आवडलं नाही.” आणि त्या हसण्यात तुमची खरीच एखादी दुखरी जागा सापडली असेल, तर तिच्याबद्दल मिस्टरांशी बोला किंवा समुपदेशकाकडे जा. कपाची यादी मध्ये आणू नका.

प्रश्न : मी एसएसबीची, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या निवडीची तयारी करतोय. तिथे चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावतात. हाही असलाच खेळ आहे ना? क्लासमध्ये तयार गोष्टी देतात. पाठ करू का?
– छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चुलत भाऊ म्हण. ही चाचणी हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांनी १९३५ मध्ये हार्वर्डमध्ये मांडली. तुला ११ चित्रं आणि एक कोरी स्लाइड दिसेल. चित्र ३० सेकंद, लिहायला ४ मिनिटं. फरक असा की इथे ‘बंदूक म्हणजे राग’ असली यादी लावत नाहीत. तुझ्या गोष्टीतला माणूस कोण आहे, त्याच्यापुढे काय अडचण आहे, तो स्वतः काय करतो आणि शेवट कसा होतो, हे सगळ्या गोष्टी एकत्र ठेवून बघतात. वर बाकीच्या चाचण्या आणि मुलाखतही असतेच.

पाठ करू नकोस. अंधूक चित्रातल्या म्हाताऱ्या बाईला तू पूरग्रस्तांना वाचवणारा कॅप्टन करून ठेवशील, कारण क्लासची गोष्ट तीच होती. आणि त्याच क्लासची आणखी मुलं तुझ्या बाजूला तोच पूर लिहीत असतील. वेळ लावून लिहायचा सराव मात्र कर, चार मिनिटं फार लवकर संपतात. कोऱ्या स्लाइडसाठी आपल्या आयुष्यातली एखादी साधी खरी घटना आठवून ठेवलीस तरी पुरे.

प्रश्न : आठवीच्या वर्गात हा जंगलाचा खेळ घेतला. अस्वलाची पाळी आली तेव्हा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, पळायचं नाही. मोहफुलं वेचायला जाताना आजी हातात काठी ठेवते आणि मोठ्याने बोलत जाते.” अर्थाच्या यादीत हे कुठे बसवू?
– एक शिक्षिका, चिमूर

उत्तर : कुठेच नाही. मोहाच्या दिवसांत तुमच्या भागात अस्वलही तीच फुलं खायला झाडाखाली येतं, हे त्या मुलाला माहीत आहे. त्याच्यासाठी अस्वल म्हणजे अस्वल. वर्गाला निबंध द्या : ‘आमची आजी जंगलात जाते तेव्हा’. किल्ली, कप, भिंत काढून टाका. आणि मुलांनी सांगितलेल्या चित्रांवरून कोणाचा स्वभाव वर्गात मोठ्याने वाचू नका. आठवीतली मुलं त्याचं टोपणनाव करतात आणि ते दहावीपर्यंत टिकतं.