वाचक विचारतात: हातभर चणक आणि मॅगीचा तलाव

प्रश्न: माझे यजमान दर रविवारी पहाटे गरी घेऊन मानशीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, जातात. पिशवीतून दोन काळुंदर मासे निघतात आणि तोंडून मात्र तंगूस (गरीची दोरी) तोडून पळालेला हातभर चणक मासा! मुलाने मला एका जुन्या अमेरिकी नभोनाट्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले. त्यातला मॅगी हा नवराही मासेमारीच्या अशाच बढाया मारतो आणि मॉली ही बायको त्या ऐकून घेते. ही मालिका कोणती, आणि माणसे दिसत नसताना तिचे हसू का येते?
— एक वाचिका, डिचोली

उत्तर: ही मालिका ‘फिबर मॅगी अँड मॉली’. ती एनबीसी या अमेरिकी रेडिओ वाहिनीवर एप्रिल १९३५ मध्ये सुरू झाली. जिम आणि मॅरियन जॉर्डन हे इलिनॉय राज्यातल्या पिओरियाचे खरेखुरे जोडपे त्यात नवरा-बायको झाले होते, आणि लेखन दीर्घकाळ डॉन क्विन यांचे होते. ‘फिबर’ म्हणजे थापाड्या. त्याची मासे पकडण्याची जागा डुगन तलाव.

रंगमंचावर नवऱ्याने हात फैलावले की प्रेक्षक लगेच मासा मोजतात. रेडिओवर मोजायला काही नसते. आवाज जेवढा चढेल तेवढा मासा मोठा होतो, आणि त्याला पुन्हा पिशवीच्या मापात बसवण्याचे काम बायकोचा एखादा शांत प्रश्न करतो. म्हणूनच माझ्या मते या विनोदाचा खरा भार मॉलीवर आहे. आपल्याकडे मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकेतल्या मीनावहिनी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मॅगीचे अडगळीचे कपाट तर निव्वळ आवाजांचेच होते: १९४० पासून ते उघडले की सामानाचा गडगडाट व्हायचा आणि सगळे शांत झाल्यावर शेवटी एक इवलीशी घंटी किणकिणायची. यजमान चणकाचे वर्णन करत असताना आपण आदोळीवर (विळीवर) काळुंदराचे खवले काढता, ती खरखर नभोनाट्यात घेतली असती तर आपल्याला एकही संवाद लागला नसता.

तरीही यजमानांवर थोडा विश्वास ठेवावा, असे मला वाटते. चणक खाडीतून मानशीच्या तोंडाशी येतो, गरीला लागला की पाण्याबाहेर उसळी मारून डोके झाडतो, आणि त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड इतकी धारदार असते की ताणलेला तंगूस तिच्यावर सहज कापला जातो. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे तुटलेले टोक मागून पाहा. ते पिळासारखे वळलेले असेल, तर चणकाने तंगूस तोडलेला नाही, यजमानांनी बांधलेली गाठच सुटली आहे.