मोडतोड, इंग्रजी पद्धतीची

या महिन्याच्या टपालात मोडतोडच फार आली आहे. लांबलचक उत्तराचा प्रश्न आधी घेते, म्हणजे बाकीच्यांना आटोपशीर उत्तरं देता येतील.

माझा मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. त्याच्या बोलण्यात सारखं 'अमक्याने प्रिलिम क्रॅक केली' असं येतं. परवा तोच म्हणाला की शेजारच्या खोलीतला मुलगा 'प्रेशरखाली क्रॅक झाला'. एकच शब्द जिंकायलाही आणि खचायलाही? – एक वाचक, कोल्हापूर

दोन्ही ठिकाणी शब्द बरोबरच आहे. पहिल्या मुलाने काहीतरी फोडलं, दुसरा स्वतःच फुटला. मराठीत ही अडचण येत नाही, कारण आपण क्रियापदाचं रूपच बदलतो. काच फुटते आणि कुणीतरी काच फोडतो. दोरी तुटते, तोडली जाते. कापड फाटतं किंवा आपण ते फाडतो. आपसूक झालं की कुणी केलं, हे क्रियापदातच कळतं. इंग्रजीत ब्रेक, क्रॅक, स्प्लिट, स्नॅप, बर्स्ट ही सगळी मंडळी एकाच रूपात दोन्ही कामं करतात. पुढे कर्म आहे का, तेवढं बघायचं. (म्हणूनच इंग्रजी शाळेतलं पोर 'द विंडो ब्रोक' म्हणून साळसूदपणे मोकळं होतं. मराठी शाळेतलंही 'काच फुटली' म्हणतं म्हणा, पण त्यावर 'फुटली की फोडलीस?' हा बाईंचा प्रश्न तयारच असतो.)

क्रॅक हा मुळात आवाज आहे. चाबकाचा, वाळक्या फांदीचा, गोठलेल्या तळ्यावरच्या बर्फाचा. तडा हा अर्थ मागून आला. अक्रोड फोडताना तोच आवाज होतो आणि आतला गर हाती लागतो. कवच फोडून आतलं मिळवायचं, हाच अर्थ तिजोरी, कोडं आणि सांकेतिक संदेश यांना लागला. जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे संदेश पोलिश गणितज्ञांनी १९३२ मध्ये उलगडायला सुरुवात केली आणि महायुद्धात इंग्रजांनी ब्लेचली पार्कमध्ये ते काम पुढे नेलं. ते खरं 'क्रॅकिंग'. परीक्षेला हा शब्द लावण्याची हौस मात्र मुख्यतः आपली, भारतीय इंग्रजीची. इंग्लंडातला विद्यार्थी साधेपणाने 'पास' होतो.

आवाजाचीच दुसरी फांदी बोलण्याकडे गेली. मोठ्याने बोलणं, बढाई मारणं, मग विनोद 'क्रॅक' करणं. स्कॉटलंडात क्रॅक म्हणजे गप्पा. आयरिश लोकांनी तो शब्द उचलला, त्याला आपलं स्पेलिंग चढवलं आणि आता 'क्रॅक' म्हणजे मैफलीची मजा, असं ते अभिमानाने सांगतात. बढाईच्या जोडीनेच 'ज्याची ख्याती आहे असा' हा अर्थ आला. त्यामुळे इंग्रजी बातमीत पोलिसांची 'क्रॅक टीम' आली, तर ती निवडक माणसांची तुकडी समजा. आमच्या साताऱ्यात 'तो जरा क्रॅक आहे' म्हणतात त्यातली नव्हे.

शेजारच्या खोलीतल्या त्या मुलाशी मात्र कुणीतरी बोलायला हवं. तेवढं चिरंजीवांना सांगा.

मी आठवीला इंग्रजी शिकवते. ब्रेक, स्नॅप, स्मॅश, शॅटर यांच्यापुढे पाठ्यपुस्तकाच्या गाइडमध्ये सगळीकडे 'तोडणे' छापलंय. फरक कसा सांगू? – एक शिक्षिका, लातूर

गाइड मिटून ठेवा आणि मुलांना आधी मराठीच विचारा. काठीचं काय होतं? मोडते. दोरीचं? तुटते. मडक्याचं? फुटतं. आपण वस्तू बघून क्रियापद निवडतो आणि हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. इंग्रजीत या तिन्हींना 'ब्रेक' चालतो. फक्त कापडाला चालत नाही, त्याला 'टेअर'. बंद पडलेलं घड्याळसुद्धा 'ब्रोकन' असतं, त्याची काच शाबूत असली तरी. म्हणजे ब्रेक हा तसा बेचव शब्द. काहीतरी कामातून गेलं, एवढंच तो सांगतो.

बाकीचे शब्द वस्तूपेक्षा प्रसंग सांगतात. स्नॅप म्हणजे एका झटक्यात. वस्तू कोरडी किंवा ताणलेली हवी: पेन्सिलचं टोक, रबर बँड. माणसाचा संयमही असाच स्नॅप होतो. स्मॅशमध्ये जोर आहे, बहुधा रागही. शॅटर म्हणजे मोजता येणार नाहीत इतके तुकडे. स्प्लिंटर म्हणजे लांब, अणकुचीदार ढलप्या, म्हणून तो लाकडाला आणि हाडाला लागतो, चिनी मातीला नाही. स्प्लिट म्हणजे उभं चिरफाळणं, रेषा धरून. इंग्रजीत हा शब्द बहुधा डच भाषेतून आला आणि खडकावर आपटून दुभंगणाऱ्या जहाजांसाठी तो सुरुवातीपासून वापरात होता. केसांना, शेअरना आणि हॉटेलच्या बिलाला तो नंतर चिकटला.

वर्गात एक कप न्या. टवका उडाला तर 'चिप', चहा खुशाल प्या. तडा गेला तर 'क्रॅक', कप अजून एकसंध आहे पण त्याचा भरवसा नाही. कान निखळला तर 'ब्रेक'. भिंतीवर आपटला तर 'स्मॅश', पण हे प्रात्यक्षिक टाळा, शाळा नवा कप देणार नाही.

इंग्रजी पाककृतीत 'थ्री क्लोव्ह्ज' लिहिलं होतं. मी तीन लवंगा घातल्या. जावई म्हणतात लसणाच्या पाकळ्या घालायच्या होत्या. कोण बरोबर? – एक वाचक, नाशिक

पाककृती पाहिल्याशिवाय मी जावईबापूंच्या विरोधात जाणार नाही. पुढे 'ऑफ गार्लिक' असेल तर ते जिंकले. नुसतं 'क्लोव्ह्ज' असेल तर बहुधा तुम्ही.

हे दोन शब्द एकमेकांचे कुणीही लागत नाहीत. लवंग आली फ्रेंचमधून. तिथे 'क्लू' म्हणजे खिळा, लॅटिनमध्ये 'क्लाव्हुस'. लवंग हातात घेऊन बघा, डोक्यासकट खिळाच आहे. लसणाची पाकळी मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतली, 'क्लीव्ह' म्हणजे चिरणे याच्या कुळातली. गड्डा फुटून पाकळ्या होतात म्हणून. खाटकाचा 'क्लीव्हर' त्याच घरातला, गाई-म्हशींचा दुभंगलेला खूर तो 'क्लोव्हन', आणि फाटलेला ओठ तो 'क्लेफ्ट लिप'.

या क्लीव्हचा एक तोतयाही आहे. जुन्या इंग्रजीत 'चिकटणे' असं दुसरंच क्रियापद होतं. उच्चार झिजत झिजत दोन्ही सारखी झाली. १६११ च्या इंग्रजी बायबलात पुरुष आईवडिलांना सोडून बायकोशी 'क्लीव्ह' होतो, तो हा दुसरा. चिरणे आणि चिकटणे एकाच स्पेलिंगखाली नांदतात, आणि इंग्रजांचं काही अडत नाही.

गाडीचा ब्रेक आणि टीव्हीवरचा ब्रेक एकच का? – एक विद्यार्थी, नागपूर

नाही. स्पेलिंग वेगळं आहे, देवनागरीत ते दिसत नाही इतकंच. आणि 'स्पीडब्रेकर' हा आपल्याकडचा प्रयोग आहे. लंडनमध्ये तो 'स्पीड बम्प' किंवा 'स्पीड हम्प' असतो.

दवाखान्याच्या पाटीवर 'मूळव्याध, फिशर, भगंदर' असतं. मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'फिशन' आहे. काही संबंध? – एक वाचक, सोलापूर

आहे. दोन्ही लॅटिनमधल्या 'चिरणे' या क्रियापदाची लेकरं. फिशर म्हणजे भेग, मग ती खडकात असो की जिथे पाटीवाले डॉक्टर म्हणतात तिथे.

फिशनची गंमत अशी, की तो अणूपर्यंत जीवशास्त्रातून पोचला. १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये हान आणि श्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर बेरियम सापडलं. युरेनियमचं केंद्रक दुभंगतं, असा त्याचा अर्थ स्वीडनमध्ये लिझे माइट्नर आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यांनी लावला. या दुभंगण्याला नाव काय द्यायचं? फ्रिशने कोपनहेगनमध्ये काम करणाऱ्या विल्यम अर्नोल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला विचारलं, एका पेशीच्या दोन होतात त्याला तुम्ही काय म्हणता? 'फिशन', तो म्हणाला. १९३९ च्या सुरुवातीला तो शब्द छापूनही आला. जिवंत पेशीच्या वाढीचा शब्द पुढे बॉम्बला लागला, यात अर्नोल्डचा काही दोष नाही.

'स्प्लिट पर्सनॅलिटी' म्हणजेच स्किझोफ्रेनिया ना? आमच्याकडे स्थळाच्या चौकशीत हा शब्द ऐकला. – नाव नको, सांगली

नाही, आणि हा गैरसमज माणसांना फार महाग पडतो. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हे नाव मांडलं, ग्रीकमधल्या 'दुभंगणे' आणि 'मन' या शब्दांवरून. विचार, भावना, आकलन यांची आपसातली सांधेजोड सुटते, असं त्यांना म्हणायचं होतं. एका माणसात दोन माणसं, असं नव्हे. तो वेगळाच विकार आहे. आपण 'छिन्नमनस्कता' हा प्रतिशब्द केला आणि गैरसमजही सोबत घेतला. स्थळाबद्दल काही विचारायचंच असेल तर ऐकीव शब्दावर जाऊ नका. त्या व्यक्तीशी सरळ, मोकळेपणी बोला.

मुलगी अमेरिकेत शिकते. तिने 'आय ॲम ब्रोक' असा मेसेज केला. बायको घाबरली, मी म्हटलं व्याकरण चुकलंय, 'ब्रोकन' हवं. – एक वाचक, रत्नागिरी

व्याकरण ठीक आहे. 'ब्रोक' हे 'ब्रोकन'चंच जुनं रूप, आता फक्त खिसा रिकामा असल्याचं सांगायला उरलेलं. मन मोडलं असतं तर तिने 'हार्टब्रोकन' लिहिलं असतं. 'बँकरप्ट' याच्याही पुढची पायरी. इटालियनमध्ये त्याचा शब्दशः अर्थ मोडलेलं बाकडं, म्हणजे सराफाची बैठक. ती वेळ आली असती तर मेसेज बापाला नाही, वकिलाला गेला असता. पैसे पाठवा. आणि शंभराची नोट मोडून हवी असेल तर दुकानात 'ब्रेक' म्हणूनच विचारायला सांगा. नोट आपल्यासारखी तेही मोडतातच.