पंधरा हजार भरून इंटर्नशिप?

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहते. बीएस्सी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आरोग्याच्या आकडेवारीत काम करायचंय. एका संस्थेने ३ महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी १५ हजार रुपये मागितलेत. बाबा म्हणतात, प्रमाणपत्र मिळतंय तर भरू. काय करू?

उत्तर : भरू नकोस, आणि बाबांनाही हे वाचायला दे. काम तू करायचंस आणि पैसेही तूच द्यायचेस, हे मला मुळीच पटत नाही.

त्यापेक्षा महिनाभर घरी बसून एक काम कर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं फुकट मिळतात. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण करते. ठाण्याची दोन पत्रकं काढ, २०१५-१६चं आणि २०१९-२१चं, आणि स्त्रियांमधल्या रक्तक्षयाचे आकडे शेजारी मांड. पण लगेच निष्कर्ष लिहू नकोस. पालघर १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला, तरी आधीची फेरी २०११च्या जनगणनेतल्या जिल्ह्यांवर आखलेली होती. त्या पत्रकातलं ठाणं म्हणजे जव्हार-मोखाड्यासकटचं ठाणं. नंतरच्या फेरीत पालघरचं पत्रक वेगळं. मग आकड्यातला फरक खरा किती आणि हद्द बदलल्यामुळे किती? एवढंच दोन पानांत नीट लिही. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राऐवजी ती पानं ने.

आकडा कशाचा आहे ते आधी बघायचं, हे मी पोळून शिकले. पहिली सहायकाची नोकरी एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये होती. वय ठाऊक नसलं की रजिस्टरात ९९ लिहायची तिथे पद्धत होती. मी ते वयच धरलं आणि तापाच्या रुग्णांचं सरासरी वय काढून दिलं. अहवाल डॉक्टरांच्या टेबलापर्यंत गेला, तेव्हा चूक सापडली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आजही गणित करण्याआधी मी प्रत्येक रकाना वरपासून खालपर्यंत वाचते.

खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे, तिथे कर्करोगाच्या साथरोगशास्त्राचंही, म्हणजे तो कोणाला, कुठे आणि किती होतो याच्या अभ्यासाचंही, काम चालतं. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. कुठेही गेलीस तरी ‘माझं काम कोण तपासणार?’ हे आधी विचार. तपासणारं कोणी नसेल तर तिथे राहू नकोस. आणि रुग्णांची नावं असलेली फाइल पेनड्राइव्हवर घरी आणायची नाही, वरिष्ठांनी सांगितलं तरीही.

दोन पानं झाली की मासिकाच्या पत्त्यावर पाठव. लाल पेनाने खुणा करून परत देईन.