ठाण्यात देशी झाडांच्या, कमी पाण्याच्या बागा करून लँडस्केपिंगचा व्यवसाय चालतो का?

तुम्ही विचारलंय की हॉर्टिकल्चरचा डिप्लोमा झालाय, घर घोडबंदर रोडला आहे, नुसत्या शोभेच्या बागा करायच्या नाहीयेत, देशी झाडं, पाणी वाचवणं, पक्षी-फुलपाखरं हे धरून काम करायचंय, तर त्यावर घर चालेल का. चालतं. मी बरीच वर्षं ठाणे-नवी मुंबईत हेच करतेय, जास्त करून सोसायट्या आणि काही शाळा. फक्त सुरुवात करायच्या आधी एक गोष्ट पक्की ठरवा, तुम्ही पैसे नक्की कशाचे घेणार.

आपल्याकडे बरेच जण डिझाईन फुकट देतात आणि झाडांवर, मातीवर, कुंड्यांवर मार्जिन काढतात. असं केलं की मनात कितीही चांगलं असू दे, हात महागड्या झाडाकडेच जातो. मोठ्या फॉक्सटेल पामवर चांगले पैसे सुटतात, कुडा, धायटी अशा साध्या देशी झुडपांच्या रोपावर काय सुटणार? म्हणून मी डिझाईनची फी वेगळी घेते, झाडांचं बिल नर्सरीकडून थेट सोसायटीच्या नावावर करून देते, आणि माझी खरी कमाई आहे मेंटेनन्सचा करार, तोही कमीत कमी दोन पावसाळ्यांचा. बाग जगली तरच माझे पैसे चालू राहणार, त्यामुळे इथल्या मातीत, इथल्या पावसात जगणारीच झाडं माझ्या यादीत येतात. तुमचा जो काही उद्देश आहे तो ब्रोशरमध्ये लिहून काही होत नाही, तो कोटेशनमध्ये आणि करारात लिहावा लागतो. (हिशोबाचं म्हणाल तर जिवंत झाडांवर जीएसटी नाही, आपल्या फीवर 18 टक्के, आणि नुसती सर्व्हिस देत असाल तर वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत रजिस्ट्रेशन लागत नाही, तरी पहिल्या वर्षीच एक सीए गाठा.)

कमिटीसमोर पर्यावरणावर भाषण नको, पाण्याचा हिशोब मांडा. उन्हाळ्यात लॉनला एका चौरस मीटरला दिवसाला साधारण 5 लिटर पाणी धरतात, म्हणजे 400 चौरस मीटरचं लॉन असेल तर रोजचे 2000 लिटर, दहा हजार लिटरचा टँकर पाच दिवसांत संपला. एप्रिल-मेमध्ये घोडबंदरच्या सोसायट्या टँकरचे काय पैसे मोजतात ते खजिनदारांना पाठ असतं, त्यामुळे हा आकडा ऐकला की ते स्वतःच म्हणतात, मॅडम, लॉन मुलांना खेळायला लागतं तेवढंच ठेवा. सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, असेल तर त्याचं पाणी बागेला घ्याच, पण आधी त्याला वास येतोय का ते बघा, येत असेल तर प्लांट नीट चालत नाहीये, ते आधी दुरुस्त करायला लावा.

दुसरा प्रश्न प्रत्येक मीटिंगला येतोच, 'एवढी झाडी केली तर साप येतील.' याला हसू नका, येऊरच्या पायथ्याला किंवा खारघरला राहणाऱ्यांची भीती खरी आहे. साप येतो उंदरांच्या मागे आणि उंदीर येतात उघड्या कचऱ्याच्या मागे, म्हणून मी प्लॅनमध्ये कचऱ्याच्या खोलीचं दार आणि आजूबाजूची बिळंसुद्धा दाखवते, आणि मुलं खेळतात तिथे दाट झुडपं लावतच नाही.

आता जमिनीचं. नवीन टॉवरच्या मागची जागा दिसायला लालभडक असते, पण कुदळ मारून बघा. वर चार-सहा इंच लाल माती, खाली टाइल्सचे तुकडे, प्लास्टरचे गठ्ठे, सिमेंटच्या गोण्या, कधी कधी अख्खी सळई. अशा खड्ड्यात लावलेलं झाड दोन वर्षं बरं दिसतं, मग मुळं अडतात आणि जुलैच्या एखाद्या वाऱ्यात ते आडवं होतं, लोक म्हणतात झाड कमजोर होतं. म्हणून रेट देण्याआधी चार कोपऱ्यांत खड्डे खणायचे, फोटो काढायचे आणि डेब्रिज काढायचा खर्च वेगळ्या ओळीत लिहायचा. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर बाग करायची असेल, तर आणखी जपा. एक घनमीटर ओली माती पावणेदोन ते दोन टन भरते, त्यामुळे आरसीसी कन्सल्टंटने (इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने) स्लॅबवर किती लोड धरलाय ते लेखी घेतल्याशिवाय एक पाटी माती वर चढवू नका, कोकोपीट मिसळून वजन कमी करा, खाली ड्रेन सेल (पाणी वाहून जायला प्लास्टिकची जाळीदार फरशी) आणि जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं गाळणीचं कापड) घाला, आणि पाण्याचे आउटलेट मे महिन्यात स्वतः उभं राहून साफ करून घ्या. खालच्या पार्किंगमध्ये गळलं की दोष बागेवरच येतो. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी सोडायची, तिथे पेव्हर ब्लॉक बसवायला कोणी कितीही सांगितलं तरी नाही.

झाडं कुठली, तर जागा बघून. नवी मुंबईत पाम बीच रोडच्या बाजूला खारा वारा आहे, तिथे उंडी, भेंड, करंज छान येतात. कांदळवनाच्या जवळची साईट असेल तर तिकडे मातीचा एक ट्रकसुद्धा रिकामा होऊ देऊ नका, ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि कांदळवनाभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात भराव चालत नाही. ठाण्याच्या डोंगराकडच्या बाजूला बहावा, कांचन, ताम्हण, पांगारा. कोनोकार्पस हे परदेशी झाड कोणी कितीही स्वस्त दिलं तरी घेऊ नका, गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आणि बहावा लावलात तर उन्हाळ्याच्या आधीच सोसायटीच्या ग्रुपवर टाका की याची पानं गळणार आहेत आणि मग पिवळे झुंबर येणार आहेत, नाहीतर मार्चमध्ये 'झाड मेलं' म्हणून फोन सुरू होतात.

अडचण ही की रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत अरेका पाम, ड्युरांटा, फायकस मिळतं, मुरुडशेंगेसारखं देशी झुडूप मागितलं तर तोंडाकडे बघतात. जूनची लागवड असेल तर रोपांची ऑर्डर जानेवारीतच द्या, किंवा बदलापूर-मुरबाडकडे थोडी जागा भाड्याने घेऊन स्वतः रोपं करा. मी दोन्ही करते.

आणि माळी. माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस तोच, आणि सगळ्यात कमी पगार त्यालाच. एका शाळेत कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या बसल्या होत्या, माळीकाका फवारणीचा पंप भरून निघाले होते. ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी आहे हे त्यांना दाखवलं, पुढे तीच अळी हिरवी होते तेही त्यांनी बघितलं, तेव्हापासून पाचवीच्या मुलांना ते झाड काकाच दाखवतात, मला बोलवावं लागत नाही. काकांचं शिकणं आणि त्यांचा नीट पगार हा करारात लिहिलेला खर्च आहे, मी तो कमी करू देत नाही. सोसायटी घासाघीस करायला लागली तर कारंजं काढते, लायटिंग काढते, माळ्याच्या पैशाला हात नाही. वाळका पाला जाळायचा नाही, जाळीच्या पिंजऱ्यात टाकून तिथेच खत करायचं, हेही त्याच करारात.

मोठं झाड तोडायची मागणी आली तर महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडं जपायच्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती न घेता कोणाच्या तोंडी 'बघून घेऊ'वर काम करू नका.

पहिलं काम स्वतःच्या सोसायटीत घेऊ नका, तिथे फी मागता येत नाही आणि मग तोच रेट सगळीकडे पसरतो. एखादी शाळा किंवा मध्यम आकाराची जुनी सोसायटी बघा, छोटा कोपरा घ्या, पण दोन पावसाळ्यांचा मेंटेनन्स लेखी घ्या. खड्डे लवकर खणून बघितले तर जूनच्या लागवडीपर्यंत हातात वेळ राहतो.